न जळलेली ओढणी

डिंगोरे गावच्या वृषालीने आपला राग लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता. वर तेलाचा थर, आत जाळ. कॉलेजात तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेची ती प्रमुख होती, आणि तिचा डावा हात बोटांपासून कोपरापर्यंत चुरगळलेल्या कागदासारखा होता.

तो हात कसा भाजला हे गावात आणि पार ओतूरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे हांडे सरांनी सांगितलं तसं माहीत होतं.

वृषाली एम.एस्सी.ला असताना सयाजी हांडे विभागप्रमुख होते. खंडेनवमीला शेतकरी औतं पुजतो, सुतार पटाशी पुजतो, तशी त्यांच्या प्रयोगशाळेत तराजू आणि बर्नरची पूजा व्हायची. त्या वर्षीही हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि ओट्यावर पेटती समई होती. त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला वृषाली इथर गाळत होती. इथर झटकन पेटणारं, आणि त्याची वाफ दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते, सांडलेल्या पाण्यासारखी ओट्यावरून सरपटत जाते, आणि लांबची ज्योतही तिला पुरते.

"सर, समई बाहेर ठेवूया का? इथर उघडं आहे."

"अगं, देवाचा दिवा तो. त्याला बाहेर काढणारी तू कोण?" सर हसले. मग बाकीची मुलंही हसली.

पुढच्याच क्षणी निळसर ज्वाळ ओट्यावरून पळत तिच्याकडे आली.

प्रयोगशाळेतल्या शिपाई शौकतभाईंनी वाळूची बादली ओतली, तिचा हात नळाखाली धरला आणि तिला दवाखान्यात पोचवलं. ती तिथे पडून असतानाच चौकशी उरकली. मुलीची ओढणी बर्नरवर पेटली, असं हांडे सरांनी सांगितलं. समईचं नाव कुणी काढलं नाही.

वृषाली खरं सांगायला निघाली होती. आई लंकाबाईने तिला पलंगावर परत बसवलं. "डिग्री त्येच्याच हातात हाय. पाण्यात राहून माशाशी वैर करती व्हय? आदी सोताच्या पायावर हुबी ऱ्हा. मंग बघ त्याच्याकडं."

ती उभी राहिली. पण सरांची कहाणीही तिच्याबरोबर उभी राहिली. नव्या मुलींना दरवर्षी सांगितलं जाई, "ओढणी बांध गं, नाहीतर वृषाली होशील." ती त्याच कॉलेजात शिकवायला आली तेव्हा जिन्यात हे तिच्या कानावर पडलं. बोलणाऱ्या मुलीने तिला पाहून जीभ चावली.

"बांधायलाच हवी," वृषाली शांतपणे म्हणाली. तिला ती मुलगी नको होती. तिला सर हवे होते.

आणि सर आपल्या पायांनी आले. नवी प्रयोगशाळा बांधून झाली, उद्घाटनाला निवृत्त हांडे सरांना बोलवायचं ठरलं, आणि मुहूर्त निघाला खंडेनवमीचा. प्राचार्यांनी चाचरत विचारलं, "मॅडम, तुमची काही हरकत?"

"छे! मीच फोन करते सरांना."

फोनवर सर खुशीत होते. "सूट-बूट घालून येऊ का गं?"

"कशाला सर? पूजा आहे. कुर्ता, उपरणं, कोल्हापुरी चपला. शोभून दिसाल."

ते तसेच आले. व्हरांड्यात विद्यार्थी आणि गावकरी जमले होते. प्राचार्यांच्या हातात पेटवायची समई होती. वृषाली पांढरा कोट घालून दारात उभी राहिली.

"सर, आत जाणाऱ्या प्रत्येकाला आधी नियम ऐकावे लागतात. प्राचार्यांनाही सुटका नाही."

"ऐकव की!" सर गर्दीकडे वळून म्हणाले. "ज्यांना शिकवलं तेच आता आम्हाला शिकवणार!" लोक हसले.

"कोट आणि चष्मा घालायचा. पाय झाकणारे बूट हवेत. मोकळी ओढणी नको, उपरणं नको. आणि पेटता दिवा आत येणार नाही. देवाचा असला तरी."

हसू थांबलं.

"का, ते सरच सांगतील. ते होते तिथे. सर, त्या दिवशी ओट्यावर समई कुणी ठेवली होती?"

"शुभ दिवशी जुनं कशाला उकरतेस, पोरी? तुझी ओढणी पेटली. झालं ते झालं."

वृषालीने कोटाच्या खिशातून पिवळी ओढणी काढली आणि उन्हात दोन्ही हातांनी पसरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधा डागही नव्हता.

"ही ती. काम सुरू करायच्या आधी काढून पिशवीत ठेवली होती."

"पिशवी मीच नेऊन दिली व्हती दवाखान्यात," मागून शौकतभाई म्हणाले. "ही पिवळी ओढणी आतच व्हती, सर. मला कुणी इचारलंच न्हाई."

सरांचा चेहरा उतरला. ते पुढे झुकून पुटपुटले, "घरी ये, वृषाली. मी माफी मागतो तुझी."

"मला नको ती, सर. मुलांना सांगा. माझ्या नावाची म्हण करून ठेवलीय त्यांनी."

सरांनी उपरण्याने कपाळ पुसलं.

"समई मी ठेवली होती," ते म्हणाले. "तिने बजावलं होतं. मी ऐकलं नाही."

"आयला!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

हे कानावर पडलं की आत काहीतरी निवेल, असं वृषालीला इतकी वर्षं वाटत आलं होतं. निवलं नाही. उलट चव लागली.

तिने समई व्हरांड्याच्या टोकाला, मोकळ्या हवेत ठेवली आणि स्वतःच्या भाजलेल्या हाताने लावली. सरांनी ओल्या डोळ्यांनी उपरणं काढलं, कोट चढवला, चष्मा लावला, आणि कात्री घेऊन फितीकडे निघाले.

"चपला, सर."

ते खाली बघतच राहिले. "अगं, तूच तर म्हणालीस फोनवर..."

"म्हणाले खरी. पण नियम नियमच. तुम्हाला आत येता येणार नाही."

"आणि फीत?"

"फीत आरोही कापेल," वृषालीने पहिल्या रांगेतल्या मुलीला पुढे बोलावलं. "तिच्या पायात बूट आहेत."

कोट, चष्मा आणि बूट घातलेले सगळे आत गेले. सर्वांत शेवटी वृषालीने पिवळी ओढणी दाराबाहेरच्या खुंटीला अडकवली, सरांना समोर दिसेल अशी, आणि काचेचं दार लावून घेतलं. कोट आणि चष्मा घालून हांडे सर समईशेजारी उभे होते. तिने त्यांच्याकडे पोटभर पाहिलं. मग ती मुलांना इथर कुठे ठेवायचं ते दाखवायला वळली.