चौदा इंच नवा बर्फ

माझा भाऊ हरवला होता, आणि मी फोनवर सगळ्यांना सांगत होते की आज बर्फ उत्तम आहे.

अभयला जाऊन आता चाळीस वर्षं होत आली. त्याच्याबद्दल मी इथे कधी लिहिलं नाही. आज लिहिते.

ऐंशीच्या दशकात आम्ही कोलोराडोत राहायचो. मी एका स्की रिसॉर्टच्या ऑफिसात होते. सकाळी साडेपाचला आणि दुपारी दोनला स्नो रिपोर्ट रेकॉर्ड करायचा, हे माझं काम.

तेव्हा इंटरनेट नव्हतं. लोक एक नंबर फिरवायचे, पलीकडे मशीन लागायचं, आणि माझा आवाज सांगायचा: रात्रीत किती इंच पडला, मऊ आहे की कडक, कुठल्या लिफ्ट चालू आहेत, पुढच्या बारा तासांचा अंदाज काय.

मी नागपूरच्या उन्हात वाढलेली मुलगी. मला स्वतःला स्की येत नव्हतं.

नोकरी मिळाली ती आवाजावर. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एलोक्यूशनच्या सिस्टर म्हणायच्या, बोलताना हसा मुलींनो, हसू ऐकू येतं.

अभय माझ्याहून सात वर्षांनी लहान. तासाभरावरच्या युनिव्हर्सिटीत एमएस करायला आला आणि पहिल्याच हिवाळ्यात स्कीइंगच्या नादी लागला. रोज उठल्याउठल्या तो नंबर फिरवायचा.

"ताई, तू बर्फाची माहिती देतेस की मुंजीचं आमंत्रण?"

"तुला कशाला हवी रोज माहिती? अभ्यास कर."

"अगं, त्यावरून तुझी तब्येत कळते. काल सर्दी झाली होती ना?"

झाली होती.

त्या शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "थीसिसचं एक चॅप्टर द्यायचंय. दहा इंचांच्या वर पडला तरच उद्या येतो. नाहीतर कॅन्सल."

"डब्यात वांग्याचं भरीत आणणार आहे मी."

"म्हणजे आता बर्फाला पडावंच लागेल."

शनिवारी पहाटे वॉल्टनं चिठ्ठी आणून दिली. वॉल्ट स्की पॅट्रोलचा, म्हणजे डोंगरावरच्या बचाव पथकाचा प्रमुख. रोज अंधारात वर जाऊन पट्टीनं बर्फ मोजून यायचा. चिठ्ठीवर होतं: चौदा इंच नवा. कोरडा, मऊ.

त्या सीझनमधला सगळ्यात चांगला आकडा.

मी बटण दाबलं आणि वाचलं. चौदा म्हणताना मला फार आनंद झाला. कारण तो येणार होता.

ती टेप मी पुन्हा कधी ऐकली नाही. पण तो आनंद त्यात असणार.

नऊला तो ऑफिसात आला. दारात बूट आपटून म्हणाला, "साडेबाराला जेवायला येतो. भरीत माझ्यासाठी ठेव, वॉल्टला देऊ नकोस." बरोबर त्याचा रूममेट होता. गेले दोघं.

साडेबारा झाले. एक वाजला.

सव्वाला रूममेट एकटाच आला. झाडांमधून उतरत होते म्हणाला. "आय थॉट ही वॉज राइट बिहाइंड मी." हेच एक वाक्य, पुन्हापुन्हा.

वॉल्ट तिथेच होता. ते ऐकून त्याचा चेहरा बदलला. का, ते मला नंतर समजलं.

खूप मऊ बर्फ पडला की मोठ्या पाइनच्या बुंध्याभोवती, फांद्यांखाली, खड्डा राहतो. वरून दिसत नाही. तोल जाऊन कुणी त्यात डोक्यावर पडलं की बर्फ भोवतीनं कोसळतो. स्वतःहून निघता येत नाही. हाकही बाहेर येत नाही.

जो बर्फ मी उत्तम म्हणून सांगितला, तोच हा. माझ्या रिपोर्टमध्ये एकही चूक नव्हती. इतकी वर्षं शोधतेय, सापडत नाही.

मी कोट घालून वॉल्टच्या मागे गेले. तो थांबला. "यू डोन्ट स्की, डिअर," तो हळूच म्हणाला. "तू फोनपाशी थांब."

पॅट्रोलचे सगळे वर गेले.

दोन वाजले. रिपोर्टची वेळ. वॉल्ट रेडिओवरून म्हणाला, झाडांमधल्या वाटा बंद केल्यात, लोकांना सांग. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. आणि मी बोलेपर्यंत सकाळची टेप फोन करणाऱ्या प्रत्येकाला 'उत्तम' सांगत राहणार होती.

हवामानखात्याचा कागद मशीनमधून बाहेर आला. उद्या सकाळपर्यंत बर्फ चालू. आणखी सहा ते नऊ इंच.

तीनदा वाचताना थांबले. चौथ्यांदा झालं. आवाज अगदी नीट आला. सवय.

पुढच्या बारा तासांत काय होणार, हे त्या डोंगरावर मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. वर त्याच्या स्कीच्या खुणा बुजत होत्या आणि मी तो कागद हातात धरून बसले होते.

साडेचारला नागपूरला फोन लावला, शेजारच्या काकूंकडे. तिकडे पहाट. अभय बर्फात हरवलाय, एवढं सांगितल्यावर काकू आईला बोलवायला गेल्या. आई धावत आली असणार, धाप ऐकू येत होती.

"सापडला?"

"शोधताहेत, आई."

"बर्फ थांबला का गं?"

खिडकीतून मला पार्किंगमधल्या गाड्याही दिसत नव्हत्या.

"थांबलाय," मी म्हटलं.

"मग सापडेल. तू काही खाल्लंस का?"

पाचला शोध थांबवावा लागला. अंधार होता, आणि बर्फ.

तो रविवारी सकाळी सापडला. त्या दिवशीचा रिपोर्ट दुसऱ्या कुणीतरी वाचला. मी ते काम पुन्हा केलं नाही.

आई त्यानंतर सव्वीस वर्षं जगली. त्या दिवसाबद्दल तिनं मला खूप विचारलं. तो सकाळी काय खाऊन निघाला होता. स्वेटर कुठला होता, तिनं विणलेला की विकतचा. जाताना काय म्हणाला.

बर्फ थांबला होता, तर तो त्याच दिवशी का सापडला नाही, हे मात्र तिनं मला कधीच विचारलं नाही.

अभय, बाळा. ये हं.

तुझी ताई