दीड बोट फेस

आमच्या चिखलीतल्या क्राफ्ट बिअरच्या बारमध्ये दर शनिवारी माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात. चाकणच्या एका कारखान्यात ते ब्रेकचे पार्ट तपासतात. नाव मी अजून विचारलेलं नाही. ते बोलायचे थांबले तर विचारणार ना!

ग्लास आला की ते तो दिव्यासमोर धरतात, एक डोळा मिटतात, फेसाला बाहेरून बोटं लावतात आणि निकाल देतात, "रिजेक्ट! दोन बोटं फेस पायजे, ह्यो दीडच हाय." वेटर बिचारा ग्लास बदलून आणतो. तोही नापास होतो. तिसरा मात्र बारवर उपकार केल्यासारखा पितात.

परवा न राहवून मी विचारलं, "कंपनीतही एवढं बारीक बघता का हो?"

"तिथं कुठं, राव!" माझी कीव करत ते म्हणाले. "महिनाअखेरीला ट्रक दारात उभा असतो. माल गेलाच पायजे. दोन्ही डोळे झाकायचे आन् शिक्का मारायचा."

बिअर घेतली होती म्हणून बाइक तिथंच ठेवून मी शहाण्यासारखी रिक्षा केली.

ब्रेक रिक्षालाही असतात, हे उतार लागल्यावर आठवलं.