बांधावरची कण्हेर

गाव सोडलं त्या सकाळी मी विळा घेऊन बांधावर गेलो आणि कण्हेर तोडली. वाटणीत विहिरीकडची बाजू दादाला, म्हणजे थोरल्या भावाला, गेली होती. माझ्या वाट्याला मुरूम आला. पण मधल्या बांधावर पाण्यावाचून फुललेली कण्हेर मी लावलेली. जनावर तोंड लावत नाही म्हणून आमच्याकडे बांधाला तीच लावतात. ती तरी दादाला का मिळावी? फांद्या तिथंच टाकल्या आणि दादाच्याच बैलगाडीत बसलो. जाफराबादहून जालन्याच्या स्टेशनापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. निघताना आई एवढंच म्हणाली होती, "तिथं तरी जीभ आवर, बाबा."

जीभ आवरली असती तर हैदराबादेत उपाशी मेलो असतो. एका नवाबाच्या बागेत पाणी शेंदण्यापासून सुरुवात केली आणि घासाघीस करत करत रोपांचा स्वतःचा धंदा उभा केला. किती बंगल्यांच्या फाटकांशी लाल, पांढरी कण्हेर लावून दिली असेल. बोटाएवढी जाड काडी, भरपूर ऊन, बेताचं पाणी, बेगमा खूश.

त्याच बागेतल्या म्हाताऱ्या माळ्यानं दुसऱ्या महिन्यात मला झापलं होतं. कण्हेरीच्या छाटलेल्या फांद्या मी उन्हात तशाच सोडल्या होत्या. "हरी को जानवर मुंह नहीं लगाता, मियाँ. सूखी का कडवापन जाता, जहर नहीं जाता."

माझे हात थांबले. आठच दिवसांपूर्वी गावाकडचा एकजण सांगून गेला होता, दादाच्या गाडीचा डावा बैल ऊन लागून मेला.

पुढं कितीतरी वर्षं मी मनाशीच भाव करत राहिलो. त्यानं माझं पाणी घेतलं, त्याचा बैल गेला, फिटंफाट. सौदा काही जमला नाही.

आई गेली तेव्हा गावी गेलो. तेरावं झाल्यावर गोठ्यात दादाला एकट्याला गाठून सगळं सांगितलं. तो दावं वळत होता, वळतच राहिला.

"मला तवाच कळलं व्हतं. दावणीत पानं दिसली."

"मंग बोलला का न्हाईस?"

"चारा आईनं टाकला व्हता. कडबा संपत आल्ता, वाळल्यावर काय व्हतं म्हणून तिनं बांधावरचं त्यात मिसळलं. तिला सांगितलं, ऊन लागलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "लई शहाणा तू. तोडलीच व्हती तं जाळून तरी जायचं."

वाटणी चुकीची झाली, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. तुम्ही गावातले असा की माझ्यासारखे निघून आलेले, मला पाहिजे त्या पंचासमोर बसवा, मी बराबर पटवून देईन. फक्त दादाच्या दारात ते मला बोलता येत नाही. गाव म्हणजे आता मला तेवढं एकच दार. वहिनी ताट वाढते, मी खाली मान घालून जेवतो आणि निघतो.