दिवा जळत होता

लखींदर बाउरीच्या भुवईपासून केसांत शिरलेला व्रण झरियाजवळच्या आमच्या धौड्यात, म्हणजे खाणकामगारांच्या चाळींत, सगळ्यांना ठाऊक आहे. तो त्याच्या धाकट्या भावजयीनं, फुलमणीनं, कोळशाच्या ढेकळानं केलेला. बाउरींच्यात बाईनं थोरल्या दिराच्या, भैसुराच्या, सावलीलाही शिवायचं नसतं. त्याच्याशी बोलायचं नसतं. अगदीच गरज पडली तर भिंतीला नाहीतर गाईला उद्देशून बोलायचं आणि त्यानं ते ऐकून घ्यायचं.

लखींदर खाणीत वायू तपासणारा सरदार. पाळीआधी खाणीच्या तोंडाशी बसलेल्या कालीमाईला जास्वंद वाहून तो जाळीचा दिवा घेऊन एकटा आत उतरे. वात बारीक करून दिवा छताशी धरी. ज्योतीवर निळी टोपी चढली की मिथेन. कोळशाच्या पोटात युगानुयुगं कोंडलेला हा वायू कोळसा फोडला की बाहेर पडतो, आणि हवेच्या शंभर भागांत पाच भाग झाला की एक ठिणगी पुरते. ज्योत मलूल होऊन विझायला आली तर कार्बन डायऑक्साइड. दिवा एवढं सांगतो म्हणून खाणीतली माणसं त्याच्यावर देवासारखा विश्वास टाकतात. लखींदरच्या बापानंही टाकला होता. आगीनंतर तो जळता दिवा घेऊन आत गेला आणि चौघांनी त्याचं प्रेत उचलून बाहेर आणलं. तेव्हापासून लखींदर दिवाघरात मुनिया, चिमणीएवढं पाखरू, पाळायचा.

"दादा, या पाखराची हजेरी लावता का?" गोष्ठ नावाचा खाणकामगार चिडवायचा.

"लावतो. तुझ्यापेक्षा वेळेवर येतं ते."

माघातल्या त्या दुपारी लखींदरची पाळी संपून तासही झाला नव्हता. पायाखालची जमीन सरकली आणि खाणीच्या तोंडातून वारा फुटला. कोळशाचा भरला डबा काडीसारखा बाहेर फेकला गेला. त्याखाली डबे ओढायच्या दोरावर काम करणाऱ्या माणसाचे दोन्ही पाय चिरडले. पंखाघराचं पत्र्याचं छप्पर उडून बाभळीवर जाऊन अडकलं. आत पाच जण होते, आणि त्यांत लखींदरचा धाकटा भाऊ सुबल होता.

बचावपथक यायला दोन तास लागणार होते. गोष्ठ दिवा घेऊन दहा पावलं आत जाऊन आला आणि दिवा छान जळतोय म्हणाला. माणसं पुढं सरसावली. लखींदर पहार घेऊन तोंडाशी आडवा उभा राहिला. तो सांगत होता की मिथेन जळला, पण जळायला हवा पुरली नाही. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो दिव्याला हात लावत नाही, पण रक्तात शिरून प्राणवायूची जागा बळकावतो.

या वायूनं माणसाआधी पाखरू पडतं. कुणी ऐकेना, तेव्हा त्यानं मुनियेचा पिंजरा बांबूला अडकवून आत सरकवला. बाहेर काढला तर मुनिया दांडीखाली पाय वर करून पडलेली.

"धुरानं मेली असेल," गोष्ठ म्हणाला. "दिवा जळतोय ना? सरका."

लखींदरनं पहार त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा अंगावर आला, त्याचं मनगट फोडलं. बाकीचे दगड उचलून थांबले. तेवढ्यात वाघिणीत कोळसा भरणारी फुलमणी धावत आली आणि त्याच्या हाताखालून आत घुसली.

त्यानं पहार टाकली. श्वास कोंडून तो तिच्यामागं धावला आणि केस आणि कंबर धरून तिला फरफटत बाहेर आणलं. आजूबाजूच्यांनी माना फिरवल्या. भैसुरानं भावजयीला हात लावलेला तिथं कुणी पाहिला नव्हता. तिनं ढेकूळ उचलून त्याच्या तोंडावर घातलं, पुन्हा घातलं. रक्त डोळ्यांत उतरलं तरी त्यानं सोडलं नाही. आपल्या गमछ्यानं तिला खांबाला बांधलं.

"तो आत जिवंत आहे," ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली. "आणि तुम्ही त्याला मारताय."

ते खरंही असू शकत होतं. त्यानं गमछ्याची गाठ आणखी आवळली.

पथकानं पाच प्रेतं आणली. तिघं ओळखू येऊ नयेत असे भाजलेले. सुबल आणि त्या पाळीचा सरदार लांबच्या गल्लीत सापडले. अंगावर ओरखडा नव्हता, गाल जत्रेतून परतल्यासारखे लाल. सुबलच्या गुडघ्याशी दिवा होता. पथकानं तो तसाच जळता बाहेर आणला. फुलमणी त्या दिव्याकडं बघतच राहिली. सुबलनं शेवटचा श्वास कधी घेतला, हे लखींदरनं डॉक्टरांना विचारलं. सांगता येणार नाही, म्हणाले.

बिरादरीनं त्याला प्रायश्चित्त सांगितलं. डोकं भादरून त्यानं दामोदर नदीत बुडी मारली. गोष्ठ लंगडत गेला की तोंड फिरवायचा. सुबलच्या जागी फुलमणीला दिवाघरात काम मिळालं. रोज सकाळी ती फळीवर दिवा ठेवून मागं सरके, मग लखींदर तो उचले. पिंजरा रिकामाच टांगलेला होता. असं वर्ष गेलं.

पुढच्या माघात एका सकाळी तिनं दिव्याशेजारी पिंजराही ठेवला. आत नवी मुनिया होती. फुलमणीनं ती झरियाच्या बाजारातून स्वतः आणलेली.

"मुनिये," पदर पुढं ओढून ती पाखराला म्हणाली, "तू खाली पडलीस तर यांना तिथूनच माघारी आण. ऐकले नाहीत तर केस धरून आण. मला आणलं तसं."

लखींदरनं आधी पिंजरा उचलला, मग दिवा.