कोयलीच्या रस्त्यावरचं पाणी

त्या सकाळी मला दत्तगुरूंची आठवण फार उशिरा झाली. तोवर माझ्या हातून जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

माझा जन्म शहरातल्या दांडिया बाजारात, सुखात गेलेला. गरिबीवर माहितीपट करायचा तर ती स्वतः भोगून बघायची, असं खूळ डोक्यात शिरलं आणि फोन, पाकीट घरी ठेवून मी फक्त कॅमेरा घेऊन शहराबाहेर कोयलीजवळच्या झोपड्यांत आठवडाभर राहायला गेले. खानदेशातून मजुरीला आलेल्या कमलाबेननं मला जागा दिली. पाण्याचा टँकर दिवसातून एकदाच येई. चौथ्या दिवशी तिनं घागर भरली, पण माझं चित्र धूसर आलं. सवयीनं मी म्हटलं, "परत एकदा भराल का?" पाहुणीचा शब्द कसा मोडायचा, म्हणून तिनं ते पाणी मागच्या बाईच्या घागरीत ओतलं आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. तिचा नंबर यायच्या आतच टँकर रिकामा झाला. दिलेलं पाणी परत मागायची तिथे रीत नव्हती, आणि द्यायला कुणाकडे जास्तीचं नव्हतं.

झोपडीत आलो तर तिची चार वर्षांची सुमन निपचित पडलेली. पहाटेपासून तिला उलट्या-जुलाब होत होते. मी मात्र चांगल्या उजेडाच्या मागे बाहेर हिंडत होते. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. कमलाबेन एवढंच म्हणाली, "टँकर आता उद्या येईल, ताई." तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घागर उचलून मी रस्त्यानं पळत सुटले. एका कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं हातानंच जा म्हटलं. चहाची टपरी बंद होती. पोरगी माझ्यामुळे जाणार, एवढंच डोक्यात घुमत होतं. दर गुरुवारी आरती करणारी मी, पण मनापासून कधी काही मागितलंच नव्हतं. रस्त्यातच बसले आणि म्हटलं, महाराज, माझी अक्कल संपली. आता तुम्हीच बघा.

समोरून एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन येत होती. काही न विचारता तिनं तो माझ्या घागरीत रिकामा केला. मी हात जोडले, तर गुजरातीत म्हणाली, "पहेलां छोकरीने पिवडाव." आधी पोरीला पाज. छोकरीचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं. दुपारपर्यंत सुमननं डोळे उघडले. मी कोपऱ्यात बसून रडत होते. कमलाबेननं त्याच पाण्यातला पेला माझ्यापुढे धरला. "तुम्ही पण सकाळपासून तहानलेल्या," ती म्हणाली.

ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. ती कोण होती, याचा शोध मी घेत नाही. गुरुवारी देवापुढे पाणी ठेवताना आपोआप डोकं टेकतं. त्यानंतर मी कुणालाही "परत एकदा" म्हटलेलं नाही. माहितीपटात कमलाबेनची घागर धूसरच आहे.