पहिल्या रांगेतली माणसं

माझ्या सेवेत ज्या प्रकरणांनी झोप उडवली, त्यांत डोंबिवलीतला तो रविवार मी बराच वर धरतो. त्यात रक्त सांडलं नाही, आणि गुन्हाही दाखल झाला नाही.

शुक्रवारी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. "सायब, रविवारी हॉलमध्ये एक जन लोकांना फसवनार हाय. पुढं बसलेली सगली मानसं ठरवलेली हायत. बंद करा ते." अंमलदाराने नंबर टिपून डायरीत नोंद केली.

पूर्वी अशाच एका हॉलवर मी एक दिवस उशिरा पोचलो होतो. पैसे गेलेल्या कोपरीच्या निवृत्त शिक्षिकेने "आता मी काय करू?" असं शांतपणे विचारलं होतं. शनिवारभर तोच आवाज कानात होता.

रविवारी हवालदाराला घेऊन साध्या वेषात गेलो आणि मागच्या रिकाम्या रांगेत बसलो. फलक होता : 'नोकरी सोडा, स्वतःची यशस्वी सल्लासेवा उभारा'. कोटातला प्रशिक्षक दर वाक्याला थांबे आणि पहिली रांग टाळ्या वाजवी. हवालदाराने मोबाइलवर त्याच्या आधीच्या सत्रांचे फोटो दाखवले. "सर, ही मावशी चारही फोटोंत आहे. साडीसुद्धा तीच."

चहाच्या सुट्टीत प्रशिक्षकाला बाजूच्या खोलीत घेतलं. ओळखपत्र पाहून त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, आठ महिन्यांपूर्वी कंपनी सोडली. बायकोने वर्षाची मुदत दिलीय. केस झाली तर मला कोण बोलावणार?"

"फी कुणाकुणाकडून घेतली?"

त्याने कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं. "अजून कुणी दिलीच नाही."

खोटं बोलणारा या प्रश्नाला चटकन उत्तर देतो. याला लाज गिळून द्यावं लागलं.

त्याला हवालदाराजवळ बसवून मी हॉलच्या दारातून खबऱ्याचा डायरीतला नंबर फिरवला. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाचा खिसा वाजला. ते प्रशिक्षकाचे सख्खे मामा निघाले, कोलशेतचे, मासळी विकणारे. जिन्यात नेल्यावर म्हणाले, "भाचा हाय सायब, नाय कसं बोलनार? पन मासली रविवारीच खपते. पाच रविवार गेले आमचे."

मागोमाग मामी आल्या, फोटोंतल्या त्याच मावशी. "मी बोललेली यांना, तोंडावर सांगा त्याला. तर हे पोलिसांना सांगून बसले." मग माझ्याकडे वळल्या. "गिऱ्हाईक मासा उचलून बघतं, नको बोलतं, तवा कलतं माल कसा हाय. आमी काय, टालीच वाजवनार."

ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याची साक्ष टिकत नाही, हे मला कोर्टाने शिकवलं होतं. ते टाळीलाही लागू आहे, हे मामींनी शिकवलं.

मी प्रशिक्षकाला एवढंच सांगितलं की गुन्हा काही दिसत नाही, पण पुढच्या वेळी नातेवाइकांना घरी राहू द्या, मग तीनच जण आले तरी चालतील. खबऱ्याचं नाव अर्थातच सांगितलं नाही. त्याने घाम पुसला आणि दबकत विचारलं, "साहेब, तुम्हाला जाहिरात कुठे दिसली?"

मी विषय बदलला. पाच सत्रांत त्याच्याकडे बाहेरून आलेले पहिले दोन श्रोते आम्ही होतो.