कोकम सरबताची बाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला फोनवर मी भाजीचा भावसुद्धा सांगते, पण हे नाही. तुम्हाला सांगायला बसलेय खरी — आणि सुरुवात कुठून करू? आधी हसून घ्या हवं तर. गोष्ट लघवीची आहे.

मी गोंदियाकडची. आठवीनंतर शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. पुढे परळला एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या गाळ्यात काम मिळालं. तिथे आम्ही कागदाच्या तपासणी-पट्ट्या बनवतो. गाळणकागदाच्या तावावर मेणाची गोल नक्षी छापायची आणि ताव तापवायचा, की मेण कागदात उतरतं आणि थेंब गोलाबाहेर पळत नाही. गोलात औषध टाकायचं, वाळवायचं, कापायचं. एका पट्टीवर दोन ठिपके — पिवळा प्रथिनांचा, पांढरा साखरेचा. लघवीत बुडवल्यावर पिवळ्याचा हिरवा झाला किंवा पांढऱ्याचा तपकिरी झाला, तर दवाखाना गाठायचा. अर्ध्या चहापेक्षा स्वस्त पडते. आमच्या गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंच्या पिशवीत आता हीच पट्टी असते, हे सांगताना मला अजून भरून येतं. आठवी शिकलेल्या मुलीच्या हाती गाळ्याच्या मालकीण मॅडमनी हे काम दिलं. कुणी दिलं असतं?

पण कामावर घेताना त्यांनी विचारलं होतं, तब्येत कशी असते? मी म्हटलं, ठणठणीत. झालं. आमच्याकडे रोजचा नवा ताव एका निरोगी माणसाच्या लघवीवर तपासतात. दोन्ही ठिपके जसेच्या तसे राहिले, की ताव पास. आधीचा निरोगी माणूस काम सोडून गेला होता. ती जागा मला मिळाली. घरून सकाळची पहिली लघवी बाटलीत आणायची, एवढंच.

पहिल्या दिवशी मी बाटली धुण्याच्या सोड्यानं घासघासून धुतली. मॅडमच्या हातात घाणेरडी बाटली कशी द्यायची? लवकर पोचले, आणि कोणी नाही बघून कचऱ्यातली एक पट्टी बुडवली. सहजच. पिवळा ठिपका हिरवा झाला.

आता मला परत पाठवणार, दुसरं काही सुचेना. नंदू, म्हणजे आमच्यात औषधं कालवणारा, अजून आला नव्हता. मी तशीच धावत लालबागला खोलीवर परत गेले.

खोली शालूकाकूंची. काका गिरणीत होते, आता काकू एकट्याच. खोलीचा अर्धा भाग त्यांनी मला दिलाय आणि जीव मात्र सगळा. मी धापा टाकत सांगितलं, काकू, आमच्या कंपनीत घरच्या माणसांची लघवी फुकट तपासतात, रोज. काकूंना फुकट म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. दोन मिनिटांत बाटली हातात. कोरी, गरम पाण्यानं विसळलेली.

त्या दिवशी ताव पास झाला. दुसऱ्या दिवशीही. वर्षभर.

वर्षभर नंदू मला बघून म्हणायचा, “आली बघा आपली निरोगी.” वर्षभर काकू नळावर सांगायच्या, “माजी लघवी रोज कंपनीत जाता, तुमची जाता काय?” आणि मी? मी स्वतःला आजारी समजून गुपचूप जवाचं पाणी पीत होते. डॉक्टरकडे जायची छाती नव्हती. संध्याकाळी काकू विचारायच्या, “रिपोर्ट काय म्हणता गो?” मी म्हणायचे, चोख. ते तेव्हा खरं होतं.

मग एक दिवस पांढरा ठिपका तपकिरी झाला.

नंदूनं औषध हुंगून बघितलं. मॅडमनी दुसरी पट्टी साध्या पाण्यात बुडवली — पांढरीच. म्हणजे ताव चांगला होता. सगळे माझ्याकडे वळले. मॅडम काळजीनंच म्हणाल्या, “काय गं, बरी आहेस ना?” तेव्हा बोलायचं होतं. दार उघडंच होतं. मी काय म्हटलं माहितीये? म्हटलं, मॅडम, बाटली कोकम सरबताची होती, नीट धुतली गेली नसेल.

नंदू इतका हसला की चष्मा पुसत बसला. “अगं, लघवी आणलीस की सरबत? ग्लास तरी आण.” मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, “बाटली साध्या पाण्यानंच धुवायची. गोडाची नको, आणि सोड्यानं तर मुळीच नको. सोडा राहिला की प्रथिनांचा ठिपका उगीच हिरवा होतो.”

मी तिथेच स्टुलावर बसले.

म्हणजे मला काही झालंच नव्हतं. वर्षभर जवाचं पाणी. आणि काकूंना मात्र —

त्या संध्याकाळी काकूंनी विचारलं, “रिपोर्ट काय म्हणता गो?”

मी म्हटलं, चोख.

हेच सांगायचं होतं. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. साखर आलीय, एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? काकू पदर खोचून गाळ्यावर आल्या असत्या, “नीट बघितलास काय?” असं मॅडमना विचारायला. नाहीतरी त्या म्हणतच असायच्या, एक दिवस लाडू घेवन येतंय तुज्या म्याडमांक भेटाक. आल्या असत्या तर माझं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून चोख.

दुसऱ्या दिवसापासून मी माझीच बाटली नेऊ लागले. ताव पास होत राहिला. काकू रोज सकाळी त्यांची बाटली हातात द्यायच्या, आणि मी ती चाळीच्या संडासात ओतायचे. महिनोन्‌महिने.

अगदी काहीच केलं नाही असं नाही — काय केलं ते ऐका. काकूंच्या चहात साखर कमी घालू लागले. काकू वाण्याशी भांडून आल्या, तुजी साखर गोड नाय म्हणून. त्यांच्या खाटेखाली गावाहून येणाऱ्या, गुळात घोळलेल्या मालवणी खाज्याचा डबा असतो. तो मी भराभर संपवू लागले, त्यांना कमी मिळावं म्हणून. त्यांना वाटलं, पोरीक आवडता. त्यांनी भावाला सांगून दुप्पट मागवलं. माझे ब्लाऊज उसवावे लागले.

मग नवी चप्पल त्यांच्या उजव्या अंगठ्याला चावली. जखम भरेना. मी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, साखर असणार. काकू चवताळल्या. “माजी रोज कंपनीत तपासतंत. तुमी एकदा बघितल्यात आणि सांगतास?” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सांग गो ह्यांका.”

मी सांगितलं का? नाही. मी म्हटलं, काकू, एकदा रक्त देऊया. एवढंच.

साखर निघाली, भरपूर. घरी येताना काकूच माझी समजूत काढत होत्या. “वायट वाटून घेव नको. तुमचे कागद खोटे नसतले. माजाच रगात लबाड.”

आता त्या बऱ्या आहेत. गोळ्या घेतात, नाचणीची भाकरी खातात, वाण्याशी दुसऱ्या कारणांवरून भांडतात. सकाळी पट्टी मी त्यांच्यासमोरच बुडवते आणि दिसेल तो रंग सांगते. मी काहीही सांगितलं तरी त्या मान डोलावतात. अंगठा भरला, पण नख गेलं ते पुन्हा आलं नाही.

सणावाराला काकू पाय माझ्या मांडीवर टाकतात आणि मी नेलपॉलिश लावते. लाल, त्यांना लालच लागतं. नऊ बोटं झाली की मी बाटलीचं झाकण लावायला जाते. त्या अंगठा हलवतात. “ह्येका पण लाव गो. ता बिचारा उपाशी कशाक?”

मी लावते. नुसत्या कातडीवर, नखाच्या आकाराचं, कडा सांभाळून.